सुक्या बोंबलांवरचा आळ

डहाणूला माणसं चिकूच्या वाड्या बघायला जातात, किनाऱ्यावर दोन दिवस पाय पसरून बसायला जातात. मी गेले ती स्वतःची एक सही निस्तरायला. त्यामुळे या प्रवासवर्णनात सूर्यास्त शोधायला जाऊ नका. सूर्य रोज मावळत होता, मी दुसऱ्याच कामात होते.

आधी माझ्या कामाबद्दल सांगते. तीस वर्षं मी उलट्या-जुलाबांच्या विषाणूंवर संशोधन केलं. मधे काही वर्षं पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवर, पण फिरून परत पोटाकडेच. लग्नाकार्यात कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी 'संशोधन' एवढंच म्हणते. पुढचं सांगितलं की समोरचा माणूस हातातलं ताट खाली ठेवतो. या तीस वर्षांत 'तलासरी' हा शब्द मी कितीदा वाचला असेल त्याला गणती नाही, आणि दरवेळी तो शौचाच्या नमुन्याच्या बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. ते गाव पुण्याहून एका दिवसात गाठता येतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

मग एक दिवस प्रयोगशाळेत फोन आला. मुलगी होती, रेश्मा नावाची. डहाणू रोडला झेरॉक्सच्या दुकानात काम करते म्हणाली.

"कागदाखाली तुमची सही आहे आणि हा नंबर. तुमच्या कागदामुळे माझ्या आईला तलासरीच्या बाजारात बसू देत नाहीत. तुम्ही नक्की कोण?"

मी कोण, हे तीस वर्षांत कुणी इतक्या सरळ विचारलं नव्हतं. मी जरा फणकाऱ्यानेच फोन ठेवला आणि फाइल काढली. तलासरी तालुक्यातला एक पाडा, उलट्या-जुलाबांची साथ, सहा बाटल्या. त्या महिन्यात आमच्याकडे फक्त रोटाव्हायरस तपासायचं किट शिल्लक होतं, म्हणून तेवढंच तपासलं आणि अहवालात लिहिलं, 'रोटाव्हायरस आढळला नाही.' खाली माझी सही. शेजारी वयाचा रकाना. चौतीस, एक्केचाळीस, अठ्ठावीस. रोटाव्हायरस प्रामुख्याने तान्ह्या लेकरांना गाठतो. धडधाकट मोठी माणसं एकदम आडवी पडली, आधी उलट्या, मग जुलाब, दोन-तीन दिवसांत उठून बसली, तर आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सगळ्यात आधी नोरोव्हायरसचं नाव घेईल. मी घेतलं नाही, कारण मी तो रकाना वाचलाच नव्हता. सह्यांचा गठ्ठा होता आणि जेवायची वेळ झाली होती.

उरलेले नमुने नियमाप्रमाणे टाकून दिले होते. आमचे साहेब म्हणाले, "खुलाशाचं पत्र पाठवून द्या." आमची पत्रं कुठे जाऊन पडतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मी रजा टाकली.

धाकटी डहाणू

रेश्मा स्टेशनवर घ्यायला आली होती. रिक्षाने खाडीकडे जाताना वास आधी येतो आणि गाव मागाहून. बांबूच्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले, खाली अंगणात जवळा पसरलेला आणि त्यावरून कावळे हाकणाऱ्या बायका. रेश्माची आई हिराबाई त्यांतलीच एक. साठीच्या आसपासची, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तीच का तू सहीवाली?"

मी हो म्हटलं. तिने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पाट दिला, पाणी दिलं, आणि मग एक घडीचा कागद माझ्या मांडीवर ठेवला. माझाच अहवाल, झेरॉक्स. खालच्या कोऱ्या जागेत कुणीतरी निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, 'मासळीमुळे साथ. सुकी मासळी विक्री बंद.' हा कागद तलासरीच्या बाजाराच्या तोंडाशी चिकटवलेला होता. खालची ओळ आणि माझी सही यांत जेमतेम बोटभर अंतर होतं.

"हे खालचं मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "माझ्या कागदात मासळीचा शब्दसुद्धा नाही."

"सही तुझीच ना?"

"हो."

"मग?"

पुढचं हिराबाईच सांगू लागली. सासू ज्या जागेवर बसायची त्याच जागेवर हिराबाई लग्न झाल्यापासून बसत आली होती, वडाखाली, दर आठवड्याला. आता पाच बाजार ती घरी होती. सुकवलेले बोंबील घरात पोत्यांनी पडून होते. इतर गावांतल्या बाजारांत ज्याच्या त्याच्या जागा ठरलेल्या, नवीन माणसाला कुणी शिरू देत नाही. "माझं गिऱ्हाइक तलासरीलाच हाय बाय," ती म्हणाली. "पाड्यावरच्या बाया. मला नावानं ओळखतात. आता म्हणत असतील, हिराबाईनं इख घातलं."

मासळीचं नाव आलं तरी कुठून? तर आरोग्य खात्याच्या माणसांनी आजाऱ्यांना विचारलं, काय खाल्लंत, आणि जो तो म्हणाला, सुके बोंबील. अहो, म्हणणारच. त्या दिवसांत पाड्यावर घरोघर तेच खातात. उद्या माझ्या सोसायटीत साथ आली आणि हाच प्रश्न विचारला, तर घरोघर पोळी-भाजी निघेल. म्हणून कुणी पुण्यातल्या पिठाच्या गिरण्या बंद करणार आहे का? ते कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, कारण पोळी खाणारे लोक फोन करून विचारतील आणि त्यांचे फोन उचलले जातील.

संध्याकाळी खाडीवर होड्या लागल्या. माणसं फावड्याने बर्फाचा चुरा उपसून पापलेटांवर टाकत होती, मासा डोळ्यांदेखत पांढरा होऊन झाकला जात होता. ते बघता बघता माझं डोकं तापलं. त्या सहा बाटल्या आमच्याकडे कोमट पोचल्या होत्या. सोबत तालुक्याची चिठ्ठी होती, 'बर्फ उपलब्ध नाही.' तालुक्यापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर मेलेल्या माशासाठी ढिगाने बर्फ होता, आजारी माणसासाठी खडाभर मिळाला नाही. मी हे हिराबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मागायचा होता. आम्ही काय नाय म्हटलं असतं?"

लॉजवर तिने मला जाऊ दिलं नाही. रात्री ताज्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. जिच्यावर मी आळ घेतला तिच्याच घरी मी दोन वेळा कालवण मागून घेतलं.

तलासरी

सकाळी रेश्मा आणि मी शेअर गाडीने निघालो. कोसबाडची टेकडी, चिकूच्या काळोख्या वाड्या, मग हळूहळू ताडाची झाडं आणि उघडे माळ. गाडीत मराठी, गुजराती आणि पाड्यांवरची बोली अशा तीन भाषा चालू होत्या आणि कुणाचंही कुणावाचून अडत नव्हतं. माझंच अडत होतं. मी गप्प बसून ऑफिसात काय बोलायचं त्याची उजळणी करत होते.

तालुक्याचा आरोग्य अधिकारी तरुण होता, नम्र होता. उर्मट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"मॅडम, आम्ही तुमच्या रिपोर्टनुसारच कारवाई केली."

"माझ्या रिपोर्टमध्ये मासळी कुठे दिसली तुम्हाला?"

"व्हायरस नाही म्हणजे अन्नातून विषबाधा. आणि सगळ्यांच्या खाण्यात कॉमन काय, तर सुकी मासळी."

"एक व्हायरस नाही असं लिहिलंय. कुठलाच नाही असं नाही."

त्याने कागद पुन्हा वाचला. त्याचा चेहरा पडला, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. मग त्याच्यातला अधिकारी परत जागा झाला.

"बंदीचा आदेश दाखवा," मी म्हटलं.

"आदेश असा काढला नाही मॅडम. तोंडी सांगितलं होतं बाजारवाल्यांना."

"मग मागे घ्या."

"जो आदेश काढलाच नाही, तो मागे कसा घेणार?"

मी रेश्माकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. शेवटी तो म्हणाला, व्हायरस सापडल्याचा नवा रिपोर्ट द्या, मग आपण बाजारवाल्यांशी बोलू. नवा रिपोर्ट द्यायला नवा नमुना हवा, आणि नवा नमुना मिळायला कुणीतरी नव्याने आजारी पडायला हवं. पाड्यावर अजून अधूनमधून कुणी ना कुणी पडतंय, असं तोच सहज बोलून गेला. मी विचारलं, मासळी तर पाच आठवडे बंद आहे, मग अजून का पडतंय? तो म्हणाला, "घरात साठवलेली असेल." माणसाला एकदा एक उत्तर मिळालं की तो त्याच उत्तराने सगळी कुलपं उघडू बघतो, आणि आमच्या क्षेत्रात अशी माणसं पैशाला पासरी आहेत. मीही त्यांतलीच, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं.

पाडा

पाड्यावर आम्हाला नेलं ते तिथल्या आशाताईने. सुनंदा तिचं नाव. पायात स्लीपर, खांद्याला पिशवी, आणि चाल अशी की मी तिच्यामागे अक्षरशः धावत होते. पहिलं घर लखमीबाईचं. कुडाच्या भिंती, सारवलेली ओटी. तिने तांब्याभर पाणी आणून समोर धरलं.

तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की साथीच्या गावात उकळल्याशिवाय पाणी पिऊ नये. पण लखमीबाई तांब्या धरून उभी होती आणि मी नको म्हटलं असतं तर मी कोण ठरले असते ते मला ठाऊक होतं. मी घटाघट प्यायले. सुनंदाने तांब्याकडे हात पुढे केला, तोवर तो रिकामा झाला होता.

भाकर नागलीची होती, सोबत भाजलेला सुका बोंबील आणि मिरची. बोंबील हिराबाईचाच, बंदीच्या आधीचा. मी विचारलं, "भीती नाही वाटत याची?"

लखमीबाई हसली. "आम्ही कवापासून खातो. याने काय होतं?"

"मग तसं साहेबांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी इचारलं काय खाल्लं. ते सांगितलं. कशाने झालं ते नाय इचारलं."

एवढ्यात जमीन हलली. फळीवरचे डबे खुळखुळले, चुलीजवळचं पातेलं सरकलं. मी ताडकन उठले. बाकी कुणी जागचं हललं नाही. लखमीबाईने पातेलं जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "धक्का हाय. बसा." या भागात असे धक्के येतच असतात, भिंतींना भेगा पडतात, त्या शेणमातीने लिंपल्या जातात, आणि माणसं जेवत राहतात. पुण्यात एवढ्यावर आम्ही चार दिवस बोललो असतो.

जेवण झाल्यावर सुनंदाने पिशवीतून वही काढली. साधी दोनशेपानी वही, पट्टीने आखलेली. घरवार नोंद. कोण पडलं, कधी पडलं, आधी उलटी की जुलाब, आणि शेवटच्या रकान्यात पाणी कुठलं. मी पानं उलटत गेले. ओहोळाच्या अलीकडची घरं, लखमीबाईचंसुद्धा, शाळेजवळच्या जमिनीतल्या टाकीचं पाणी पितात, जवळपास प्रत्येक घरात आजारी. पलीकडची घरं जुन्या विहिरीचं पितात, एकही नाही. बोंबील दोन्हीकडे तोच, एकाच दिवशी हिराबाईकडून घेतलेला. आणि सगळ्यात आधी पडलेला माणूस शाळेतला स्वयंपाकी. तो गळ्यात माळ घातलेला, मासळीला शिवतही नाही.

"हा सरकारी यादीत का नाही?" मी विचारलं.

"मासळीचं नाव निघाल्यावर फॉर्म आला, त्यावर पहिला प्रश्न होता, मासळी खाल्ली का. तो नाय म्हणाला. मग त्याला यादीतून काढला."

म्हणजे जो एक माणूस मासळीला निर्दोष ठरवू शकला असता, त्याला मासळी खाल्ली नाही म्हणून आजारीच धरला नाही. मी आयुष्यभर मोठमोठ्या परिषदांत बसले, तिथे असली चूक कुणी केली तर चहाच्या वेळी त्याची टर उडते. इथे त्या चुकीवर माझी सही होती.

सुनंदाने टाकी दाखवली. सिमेंटची, झाकण अर्धं मोडलेलं. आतून एका कोपऱ्यात भेग, धक्क्यांनी पडलेली, त्यातून ओल झिरपत होती. वरच्या अंगाला पंधरा पावलांवर शाळेच्या नव्या संडासांचा शोषखड्डा. शोध लावायला काही उरलंच नव्हतं.

"हे तू ऑफिसात दाखवलंस?"

"पहिल्याच आठवड्यात. म्हणाले, तू जुलाबाच्या पावडरी वाट, बाकीचं वरचे बघतील." तिने मोडकं झाकण परत टाकीवर ओढलं. "वरचे म्हणजे तुम्हीच ना मॅडम?"

मी हो म्हटलं. एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा मला अशा प्रश्नाला हो म्हणावं लागत होतं.

पुन्हा धाकटी डहाणू

तिसऱ्या दिवशी सकाळी मला नमुना मिळाला. अगदी घरचाच. उठले ती तोंड दाबून परसदारी पळाले, आणि मग दुपारपर्यंत माझं आणि त्या परसदाराचं सख्य जमलं. ज्या विषाणूवर मी निबंध लिहिले तो प्रत्यक्षात काय चीज आहे ते मला तेव्हा कळलं. निबंधात आम्ही लिहितो, 'आजार सहसा सौम्य असतो.' हे वाक्य लिहिणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी तो व्हावा.

तशा अवस्थेतही मी हिराबाईला शिकवत होते. माझ्या भांड्यांना हात लावू नकोस, लावलास तर साबणाने चोळून धू, ती हाताला लावायची बाटलीतली जेल याच्यावर चालत नाही. ती हं हं करत पेज ढवळत होती. मीठ घातलेली पातळ पेज, वाटीवाटीने, दर थोड्या वेळाने. मग मी लाज सोडून सांगितलं की मला एक बाटली हवी आहे, झाकणाची, आणि ती भरली की तिच्याभोवती घालायला बर्फ.

हिराबाई उठली आणि अर्ध्या तासात मासळीचा थर्माकोलचा डबा काठोकाठ बर्फ भरून घेऊन आली. बर्फ देणाऱ्याने विचारलं म्हणे, कोणती मासळी आहे. "मी म्हटलं, पुण्याची हाय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

रेश्माने तो डबा मुंबईला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत पोचवला. सुनंदाने त्याच दिवशी पाड्यावरच्या दोन नव्या आजाऱ्यांचे नमुने आणि टाकीचं पाणी घेतलं, तेही कोळीवाड्याच्या बर्फात गेलं. दोन दिवसांनी फोन आला. माझ्यात, त्या दोघांत आणि टाकीच्या पाण्यात, सगळीकडे नोरोव्हायरस. विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, अभिनंदन." मी त्याला चांगलंच झापलं.

अधिकाऱ्याला कळवलं. त्याने त्याच दिवशी टाकी रिकामी करवली, पाड्याला विहिरीचं पाणी उकळून प्यायला सांगितलं, सुनंदाला फोन केला. हे सगळं सहा आठवड्यांपूर्वी फक्त वही वाचून करता आलं असतं. मी नवा अहवाल लिहिला आणि खाली स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मासळीचा दोष नाही. टाकीच्या पाण्याने साथ आली. आधीचा कागद माझा होता आणि तो चुकीचा वाचला जाईल असा अर्धवट होता.' अधिकारी म्हणाला, शेवटचं वाक्य कशाला मॅडम. मी ते ठेवलं.

बाजार

बाजाराच्या दिवशी हिराबाई, रेश्मा आणि मी, तीन पोती बोंबील आणि एक जवळ्याची टोपली घेऊन तलासरीला उतरलो. बाजाराच्या तोंडाशी जुना कागद उन्हाने पिवळा पडून अजून चिकटलेला होता. मी त्यावरच नवा कागद चिकटवला. हिराबाईला वाचता येत नाही. तिने तो मला वाचून दाखवायला लावला, उभ्या उभ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर. ऐकून झाल्यावर म्हणाली, "बरं झालं," आणि टोपली डोक्यावर घेऊन वडाकडे चालू लागली.

वडाखाली प्लॅस्टिकच्या बादल्या होत्या. लाल, निळ्या, हिरव्या, एकात एक घातलेल्या, आणि मधोमध स्टुलावर एक माणूस. पलीकडच्या गुजरातेतून येणारा.

"ही हिची जागा आहे," मी म्हटलं.

"बेन, जागा तर खाली हती ने," तो म्हणाला. "पाच बाजार रिकामी. मी विचारून बसला."

बाजाराची व्यवस्था बघणाऱ्या बाजारवाल्याला बोलावून आणला. त्याने कागद वाचला होता, मान्यही केला. म्हणाला, बाईंनी खुशाल मासळी विकावी, आता काही अडचण नाही. पण इथे जागा बसण्याने राहते. लागोपाठ तीन बाजार कुणी आलं नाही की जागा सुटली. हे सगळ्यांना ठाऊक आहे, बाईंनाही ठाऊक आहे.

"ती आली नाही कारण तुम्ही तिला येऊ दिलं नाहीत," मी ओरडले. बाजार थबकून बघायला लागला. "चूक माझी होती, बंदी तुमची होती. जागा हिची का जाते?"

त्याने खांदे उडवले. बादल्यांवाला खाली बघत होता. हिराबाईने माझं मनगट धरलं.

"त्याच्यावर कशाला ओरडते? त्याला जागा दिसली, तो बसला. मीपण बसले असते."

ती बाजाराच्या पार शेवटी गेली, जिथे गटार उघडं पडतं आणि जिथे नव्याने येणारे बसतात. रेश्माने ताडपत्री अंथरली. हिराबाईने बोंबलाच्या जुड्या नीट रचल्या, पदर खोचला आणि बसली. तिच्या सासूने तिला वडाखाली आणून बसवलं तेव्हा ती नवी नवरी होती. आता साठीत तिला पुन्हा नव्याच्या जागी बसावं लागलं, आणि त्याबद्दल कुणाला एका कागदाचाही खर्च आला नाही.

पाड्यावरच्या बाया यायला लागल्या. त्या सवयीने सरळ वडाकडे जात, बादल्या बघत, इकडे तिकडे बघत आणि परत फिरत. गटारापर्यंत कुणाची नजर पोचत नव्हती. तीन-चार बाया तशाच गेलेल्या पाहिल्यावर मी वडाखाली जाऊन बादल्यांशेजारी उभी राहिले. जी येईल तिला सांगायला लागले, हिराबाई तिकडे बसलीय, त्या टोकाला. बादल्यांवाल्याने मला स्टूल दिलं. मी बसले नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तेच एक वाक्य बोलत होते.

एका बाईने विचारलं, "तुम्ही कोण लागता तिच्या?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "तिची ही जागा माझ्यामुळे गेली."

तिने हातातली पिशवी खांद्यावर घेतली. मग मी हात केला होता तिकडे चालू लागली.